‘पारसनीस इराणहून आले’ : एका पीडीएफला उत्तर

गेले काही आठवडे पारसनीस आडनावाबद्दलची एक पीडीएफ व्हॉट्सॲपवर फिरते आहे. तिच्यातले दावे थोडक्यात असे. पारसनीस घराणं मूळचं इराणचं. पारशांबरोबर ते गलबतातून निघालं, वादळात त्यांचं गलबत भरकटून कोकणात लागलं आणि तिथे मंडळींनी जानवं घातलं. ‘पारसनीस’ म्हणजे ‘पारस-निवासी’. फडणीस, चिटणीस, पोतनीस, कारखानीस हे सगळे त्यांचेच भाऊबंद. 2011च्या जनगणनेनुसार जगात पारसनीस किती उरले, तो आकडा तर अगदी एककापर्यंत दिलाय. आणि शेवटी इशारा : हे आडनाव चाळीस वर्षांत नामशेष होणार, तेव्हा सोबतचा फॉर्म भरून ताबडतोब ‘वंशनोंदणी’ करा.

माझं आजोळ पारसनीसांचं. एरवी असलं काही आलं की मी वाचतही नाही. पण हे मामाकडून आलं, आणि मामाने फॉर्म भरूनसुद्धा टाकला होता. म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी इराण. ‘नीस’ म्हणजे निवासी नव्हे. फारसीतल्या ‘नवीस’चं, म्हणजे लिहिणाऱ्याचं, ते मराठीत झिजलेलं रूप आहे. उत्तरेत कोर्टाबाहेर बसून अर्ज लिहून देणारा तो अर्जीनवीस, सुंदर अक्षर काढणारा तो खुशनवीस. आपल्याकडे फडाचे, म्हणजे कचेरीचे, हिशेब लिहिणारा फडनवीस, त्याचा पुढे फडणीस झाला. पत्रव्यवहार सांभाळणारा चिटणीस, पागेचा हिशेब ठेवणारा पागनीस. तसाच फारसी पत्रव्यवहार सांभाळणारा तो पारसनीस. ‘नीस’ म्हणजे निवासी असं धरलं तर पागनीस पागेत राहणारे आणि कारखानीस कारखान्यात राहणारे ठरतील. पीडीएफ लिहिणाऱ्याने शेजारचं एक आडनाव जरी तपासलं असतं तरी त्याला हे कळलं असतं.

मराठी दरबाराला फारसी लिहिणारा माणूस कशाला हवा, असा प्रश्न मामानेही विचारला. ‘महाराजांनी तर फारसी शब्द काढून टाकले ना?’ प्रश्न रास्त आहे. 1674च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदांची नावं खरोखर बदलली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, वाकनीसाचा मंत्री, सुरनीसाचा सचिव, डबिराचा सुमंत. रघुनाथ नारायण हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला गेला, तो फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच. पण हा बदल घरातल्या कारभारापुरता होता. बाहेर मोगल, आदिलशाही, कुतुबशाही, आणि या सगळ्यांशी बोलायची भाषा फारसी. औरंगजेबाने 1679मध्ये जिझिया पुन्हा बसवला. त्याच्या निषेधाचं जे पत्र महाराजांच्या नावाने प्रसिद्ध आहे, ते फारसीत आहे. त्याचा मसुदा नीळ प्रभू या मुनशीने केला, असं जदुनाथ सरकारांनी आपल्या शिवचरित्रात नोंदवलं आहे. ज्या दरबाराने पाच वर्षांपूर्वी वाकनीसाचा मंत्री केला, त्याच दरबारात बादशहाला खडे बोल सुनवायला उत्तम फारसी लिहिणारा माणूस पदरी होता. नीळ प्रभू काही इराणहून आले नव्हते, इथलेच होते. फारसी शिकले होते.

पारसनीस हे पद त्या कामाचं आहे. दुसऱ्याची भाषा इतकी पक्की शिकायची की आपल्या राजाचा शब्द परक्या दरबारात तितक्याच वजनाने पोचावा. मला हे पूर्वज भरकटलेल्या गलबतापेक्षा कितीतरी जास्त अभिमानाचे वाटतात. आणि हे काम बराच काळ चाललं. पेशव्यांना दिल्लीशी आणि निजामाशी लिहायला फारसीच लागायची. कंपनी सरकारनेसुद्धा कचेऱ्यांतून फारसी हटवली ती थेट 1837च्या कायद्याने.

गलबताच्या गोष्टीवर फार शब्द खर्च करत नाही. पारशांच्या आगमनाची परंपरा सांगणारा जुना आधार म्हणजे 1599च्या सुमाराचं ‘किस्सा-ए-संजाण’ हे फारसी काव्य. त्यात दीव येतं, गुजरातचं संजाण येतं. जानवं घालून ब्राह्मण झालेल्या तुकडीची कथा त्यात नाही. पीडीएफने इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांचा फोटो मात्र या पानावर चिकटवला आहे, जणू त्यांनीच हे सांगितलं. ग्रंथाचं नाव नाही, पान नाही. ज्या माणसाने साताऱ्यात बसून आयुष्यभर अस्सल कागद गोळा केले, ‘इतिहास संग्रह’ हे मासिक चालवलं, त्याचा फोटो अशा मजकुराला लावणं मला लाजिरवाणं वाटतं.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. ‘पारस’चा इराणशी संबंध आहेच. इराणच्या पार्स प्रांतावरून भाषेला पारसी म्हणत, अरबीत ‘प’ नसल्याने त्याचं फारसी झालं. म्हणजे शब्दाने प्रवास केला हे खरं. पण शब्द आला म्हणून माणसं आली, हे कुठून काढलं?

सगळे ‘नीस’ भाऊबंद, हा दावा तर एका उदाहरणाने संपतो. नाना फडणीसांचं आडनाव भानू. वेळासचे भानू, चित्पावन. कागदांवर ते बाळाजी जनार्दन आहेत. फडणिशी त्यांच्या घराण्याकडे आली म्हणून ते फडणीस. नागपूरकडे फडणवीस आहेत ते देशस्थ, त्यांचा वेळासच्या भानूंशी काही संबंध नाही. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी हे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. पद एकच, घराणी वेगळी, जातीही वेगळ्या. मोठ्या सुभ्यांवर आणि किल्ल्यांवर दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस असे दरकदार, म्हणजे सरकारने नेमलेले अधिकारी, असत, ही यादी मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने 1826मध्येच छापली आहे. जितकी ठाणी तितके दरकदार. काम बापाकडून मुलाकडे जायचं, लोक हाक मारताना कामाचंच नाव घ्यायचे, आणि पुढे इंग्रजी अमदानीत शाळेच्या आणि सरकारी कागदांवर तेच आडनाव म्हणून कायम झालं. तेव्हा एका गावचे पारसनीस आणि दुसऱ्या गावचे पारसनीस एकाच मूळपुरुषाचे असतील असं नुसत्या आडनावावरून कोणी सांगू शकत नाही. देशमुख, कुलकर्णी, पाटील यांच्याबाबत हे सगळ्यांना ठाऊक असतं. ‘नीस’ आलं की विसरतात.

आता आकडे. ‘2011च्या जनगणनेनुसार’ हे दोन शब्द वाचून मामाची खात्री पटली, कारण सरकारी नाव आलं. भारताची जनगणना आडनावांची मोजदाद प्रसिद्ध करत नाही. गणक घरी येऊन नाव लिहितो हे खरं, पण त्याने भरलेला तक्ता कोणालाही बघायला मिळत नाही. 1948च्या जनगणना कायद्याचं 15वं कलम हेच सांगतं : या नोंदी तपासणीसाठी खुल्या नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. आणि आपली जनगणना ‘जगात’ किती हे सांगणार तरी कसं? अमेरिका आडनावांची यादी काढते, 2010च्या मोजणीची यादी उपलब्ध आहे, पण तीही किमान 100 माणसं असलेल्या आडनावांचीच. तरीही त्यात 1,62,253 आडनावं आहेत. आपल्याकडे असं काहीच नाही.

मग आकडा येतो कुठून? आडनावांची माहिती देणारी परदेशी संकेतस्थळं आहेत, ती अंदाज बांधतात. हाती लागलेल्या याद्यांमध्ये नाव किती वेळा आलं ते मोजायचं आणि लोकसंख्येच्या प्रमाणात गुणायचं. समजा एखाद्याच्या हाती शंभरातल्या पाच माणसांची नावं आहेत, तर मिळालेल्या आकड्याला तो 20ने गुणणार. त्या यादीत पुण्यातलं पाच जणांचं एक घर असलं की 100 पारसनीस वाढले. ते घर यादीतून सुटलं की 100 कमी झाले. असा गुणाकार करून आलेला आकडा एककापर्यंत छापायचा आणि त्यावर जनगणनेचा शिक्का मारायचा, ही लबाडी आहे.

शिवाय या याद्या इंग्रजी अक्षरांत. आमच्याच आजोळी रेशनकार्डावर एक स्पेलिंग, मामाच्या पासपोर्टवर दुसरं, धाकट्या मामाच्या बँकेत ‘आय’ऐवजी दोन ‘ई’. यंत्राला ही तीन वेगळी आडनावं दिसतात. फडणीसांचं तर विचारूच नका : ‘एफ’ने, ‘पीएच’ने, ‘नीस’ने, ‘नवीस’ने. पारसनीस हे कुलकर्णींच्या मानाने कमी आढळणारं आडनाव आहे, यात वाद नाही. पण किती कमी, हे या पीडीएफवाल्याला माहीत नाही.

आता ज्यामुळे माझं डोकं फिरलं ते पान. सहाव्या पानावर ‘शाखानिहाय स्थिती’ असा तक्ता आहे. ज्या घरात मुलगे आहेत त्या घरापुढे हिरव्या रंगात ‘चालू’. ज्या घरात फक्त मुली आहेत त्या घरापुढे लाल रंगात ‘बंद’. खाली टीप : ‘बंद शाखांनी दत्तकविधानाचा विचार करावा.’ मामाला दोन मुली आहेत. एक शिकवते, एक नुकतीच डॉक्टर झाली. मामाच्या नावापुढे लाल ‘बंद’ आहे. हा तक्ता नातेवाइकांच्या गटात आला आणि कोणीतरी खाली हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, कोणी लिहिलं ‘फार वाईट वाटलं’. धाकट्या मामेबहिणीने ते वाचून मला फोन केला. ती रडली नाही, चिडलीही नाही, फक्त विचारलं, ‘ताई, आम्ही मोजलोच जात नाही का?’

मोजल्या जात नाहीत, कारण मोजणाऱ्याने तसा नियम केलाय. आडनावं नाहीशी होण्याचं गणित जुनं आहे. इंग्लंडात फ्रान्सिस गाल्टनने हा प्रश्न मांडला आणि हेन्री वॉटसन या पाद्र्याबरोबर 1874मध्ये त्यावर निबंध लिहिला. नाव फक्त मुलाकडूनच पुढे जातं असं धरलं, तर दर पिढीत काही शाखांत मुलगा नसणारच, आणि हळूहळू आडनावांची संख्या घटत जाणार. हे त्या पीडीएफमधलं दुसरं अर्धसत्य, तेही मान्य करते. पण त्या गणितात संपते ती नाव पुढे नेण्याची एक ठरावीक वाट. माणसं असतातच. माझी आई पारसनीसांची, मी तिची मुलगी, आणि त्या तक्त्यात आम्ही दोघीही कुठे नाही. कुठलाही नियम लावून निम्मी माणसं वगळली की उरलेली कमी भरणारच.

आणि चाळीस वर्षं? आज पहिलीत असलेली पारसनीस मुलं चाळीस वर्षांनी पंचेचाळिशी-सेहेचाळिशीत असतील. ती सगळी कुठे जाणार? एवढा साधा हिशेब न करता लोकांनी हळहळ व्यक्त केली.

दत्तकाची टीप वाचून तर मला वाटलं मी शंभर वर्षांपूर्वीचा कागद वाचते आहे. संस्थानं खालसा होऊ नयेत म्हणून दत्तक घेत तो काळ गेला. महाराष्ट्राने 1994मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, 2005मध्ये केंद्राच्या कायद्याने तो देशभर झाला. लग्नानंतर आडनाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा नाही. मोठ्या मामेबहिणीने बदललेलं नाही, तिचा मुलगा दोन्ही आडनावं लावतो. अलीकडे अनेक घराण्यांच्या कुलवृत्तांतांत लेकींच्या शाखा पुढच्या पिढ्यांसकट छापतात. ज्यांना खरंच वंशनोंद करायची आहे त्यांच्यासमोर ही पद्धत तयार आहे.

सिंह आणि सूर्य हे ‘पारसनीस कुलचिन्ह’ म्हणून छापलंय. ते इराणचं राजचिन्ह आहे, 1979च्या क्रांतीपर्यंत त्यांच्या झेंड्यावर होतं. पुढे काही लिहायची गरज नाही.

उरला फॉर्म. त्यात घरातल्या प्रत्येकाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, मोबाइल नंबर, आईचं माहेरचं नाव. फोनवरून बँकेचं काम करताना ओळख पटवायला नेमकं हेच विचारतात. कोण गोळा करतंय त्याचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक काहीही नाही. मामाने चौघांची माहिती भरली होती. ती काढून टाका असं आम्ही त्या क्रमांकावर लेखी कळवलं आहे, अजून उत्तर नाही. ज्यांनी भरला असेल त्यांनीही कळवा, आणि बँकेतले सुरक्षा प्रश्न बदलून घ्या.

आपलं घराणं कुठल्या दरबारी होतं हे खरंच जाणून घ्यायचं असेल तर माळ्यावरच्या ट्रंकेत मोडी कागद आहेत का ते आधी बघा. सनद, इनामपत्र, एखादा हिशेबाचा ताव. मोडी वाचणारी माणसं आजही आहेत, वर्गही चालतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, द. ब. पारसनीसांचा संग्रह डेक्कन कॉलेजकडे गेलेला आहे. एका कागदावर एका पूर्वजाचं नाव आणि त्याचं काम सापडलं तरी पुरे.

आणि ज्यांनी ती पीडीएफ नातेवाइकांच्या गटांत टाकली त्यांनी निदान सहावं पान चुकीचं होतं एवढं त्याच गटांत लिहावं. मुलींनी ते वाचलेलं आहे.