गच्चीवरचा बार्बेक्यू आणि पत्र्याचं शेड

नागाळा पार्कात माझा चुलतभाऊ राहतो त्या अपार्टमेंटमध्ये सध्या जोरात वाद चाललाय. गच्चीवर गॅसचा बार्बेक्यू लावू द्यायचा की नाही? आखाड पार्टीच्या रात्री पाऊस आला म्हणून पोरांनी बार्बेक्यू पत्र्याच्या शेडखाली ओढला, चरबीचा भडका उडाला आणि शेडला बांधलेली ताडपत्री होरपळली. कुणाला इजा झाली नाही, पण आता सोसायटीच्या सभेत सरसकट बंदीचा ठराव येतोय. दुसरी बाजू म्हणते, गच्ची सगळ्यांची आहे, कोल्हापुरात राहून मटण भाजायलाही परवानगी मागायची का? दादानं मला विचारलं, "तुमच्या मेलबर्नला तर घरोघरी बार्बेक्यू. तिथं काय करतात?"

इथं व्हिक्टोरिया राज्यात वणवा म्हणजे काय हे लोकांनी सोसलंय. ७ फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ माणसं गेली. उन्हाळ्यात धोक्याच्या दिवशी उघड्यावर आग पेटवायला पूर्ण बंदी जाहीर होते. लाकूड नाही, कोळसा नाही. पण त्या दिवशीही स्वयंपाकापुरता गॅसचा बार्बेक्यू चालतो, तो अटींवर. भोवती ३ मीटरपर्यंत पेट घेणारं काही नको, नळी जोडलेला नळ किंवा निदान १० लिटर पाणी हाताशी हवं आणि एक मोठं माणूस सतत जवळ हवं. एवढं पोळलेल्या राज्यानं बंदी आणि मोकळीक यांच्यामधली वाट काढली, हे मला फार मोलाचं वाटतं. अपार्टमेंटच्या बाल्कनीत काय चालेल हे मात्र इथंही त्या त्या इमारतीचे नियम ठरवतात. सोसायटीनं नियम करूच नयेत, हे म्हणणं मला पटत नाही.

पण इथले नियम जसेच्या तसे उचलून कोल्हापुरात भागणार नाही. इथं बहुतेकांचा बार्बेक्यू मागच्या अंगणात असतो. आपल्याकडं गच्ची, तिला चारी बाजूंनी कठडा, आणि पावसामुळं निम्म्या गच्चीवर पत्रा. एलपीजी हवेपेक्षा जड, साधारण दीडपट ते दुप्पट. गळाला तर वर उडून जात नाही, फरशीवर पसरतो, कठड्याच्या कोपऱ्यात साचतो, पन्हाळीतनं नाहीतर जिन्यानं खाली उतरतो. त्यात शेडला दोन-तीन बाजूंनी ताडपत्री बांधली की गच्ची उघडी राहतच नाही, ती खोली होते. धूर कोंडतो, कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वासही नसतो. त्या रात्री पाऊस आल्यावर गॅस बंद करून मटण खाली स्वयंपाकघरात न्यायला हवं होतं. माझ्या मते ठरावातला पहिला मुद्दा शेडचा हवा: पत्र्याखाली आणि जिन्याच्या खोलीत बार्बेक्यू लावायचा नाही, कितीही पाऊस असो.

दुसरं मला जास्त लागतं. आपल्या घरात गॅसची शिस्त आहेच. सिलिंडर आला की आई आधी सील बघते, तोंडातला वायसर बघते, वास येतो का बघते. रात्री झोपताना "रेग्युलेटर बंद केला का?" हा प्रश्न कुठल्या घरात ऐकू येत नाही? तोच सिलिंडर गच्चीवर गेला की ही सगळी शिस्त खालीच राहते. वर पुरुषांचा कारभार. मिळेल ती ट्यूब, ढिली क्लिप, आणि ज्या वहिनी रोज गॅस हाताळतात त्यांना कुणी विचारत नाही.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. वाटीत भांड्याच्या साबणाचं दाट पाणी करा. बार्बेक्यूची बटणं बंद ठेवून सिलिंडर चालू करा आणि ब्रशनं ते पाणी रेग्युलेटरच्या जोडावर, ट्यूबच्या दोन्ही टोकांना लावा. गळती असेल तर तिथं बारीक बुडबुडे धरतात आणि फुगत जातात. काडी ओढून कधीच बघू नका. पेटवताना झाकण उघडं ठेवा. पेटलं नाही तर गॅस बंद करून झाकण तसंच उघडं ठेवून पाच मिनिटं थांबा. झाकण लावून पुन्हा पुन्हा खटका दाबला की आत साचलेला गॅस एकदम तोंडावर येतो.

आणि खालचा चरबीचा ट्रे. कांदा-लसूण मसाला आणि तेल चोळलेलं मटण ठिबकत राहतं, ट्रेमध्ये मागच्या वेळची चरबी असेल तर भडका ठरलेला. चरबीच्या आगीवर पाणी मारायचं नाही. बटणं बंद, झाकण बंद, हात पोचत असेल तर सिलिंडर बंद. बादलीतलं पाणी आजूबाजूला काही पेटलं तर त्यासाठी.

बाहेरनं मागवलेल्या बार्बेक्यूवर कुठला गॅस आणि किती दाब हे लिहिलेलं असतं. आपला रेग्युलेटर त्याला जुळत नसेल तर जोडाजोड करून बसवू नका, तो बार्बेक्यू वापरूच नका.

दादाला मी सांगितलंय, बंदीच्या ठरावाला दुरुस्ती सुचव: मोकळी जागा, साबणाची तपासणी, एक जबाबदार माणूस, आणि गच्चीच्या दारावर मोठ्या अक्षरात गॅसगळतीचा १९०६ हा नंबर. सभेत सूचक म्हणून वहिनींचं नाव लाव, हेही सांगितलंय.