‘फिजिओ म्हणजे नुसता शेक अन् करंट’: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सोयाबीनची रास उरकली की लातुरात आमच्याकडं कंबर धरून येणारे वाढतात. यंदा त्यांच्या मोबाइलवर एक मेसेजही आला. थोडक्यात असा: “फिजिओथेरपीच्या नादी लागू नका, नुसता शेक अन् करंट देऊन पैसे काढतात. दुखत असेल तर पूर्ण आराम करा. गुडघ्याचं वंगण संपलं असेल तर व्यायामानं तो आणखी घासतो. मणक्यात गॅप असेल तर हलूच नका. दहा दिवसांत फरक नाही पडला, तर ऑपरेशनशिवाय इलाज नाही.” खाली जोडलेले हात आणि ‘जनहितार्थ’.

माझं पोट याच धंद्यावर आहे, हे आधीच सांगून टाकतो.

शेक आणि करंटबद्दलची तक्रार निम्मी खरी आहे. पेशंटला पालथं झोपवायचं, चार पॅड चिकटवायचे, मशीन लावून निघून जायचं, असं काही ठिकाणी चालतं. कोणते उपचार द्यावेत ते सांगणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१६ च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचं मशीन), टेन्स, आयएफटी (हे दोन्ही करंटचेच प्रकार) आणि ट्रॅक्शन, म्हणजे आपल्याकडचं ‘वजन लावणं’, देऊ नका असंच सांगितलंय. पण त्याच मार्गदर्शिकेत व्यायाम द्या असंही आहे. मेसेजवाल्यानं मशीनलाच फिजिओथेरपी समजून घेतलं.

पहिल्या भेटीचा बराचसा वेळ विचारपूस आणि तपासणीतच जायला हवा. उकिडवं बसता येतं का, भाकरी थापताना ओढ कुठं लागते, रात्री कोणत्या कुशीवर झोप लागते, असं सगळं विचारलं जातं. सांधा किती अंशात वाकतो ते मोजून लिहून ठेवतात, म्हणजे महिन्यानं फरक कळतो. म्हणून ढगळ कपडे घालून या. जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा, शुगरची गोळी असेल तर तीही सांगा. शुगर असलेल्यांचा खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि पेशंट नेमकी तीच गोष्ट लपवतात. बायकांनी सोबतीला कुणाला तरी आत घ्यावं. अवघडल्यासारखं वाटलं तर सरळ बोलावं. आणि कुणीच काही न विचारता थेट पॅड चिकटवले, तर तिथं मेसेजवाल्याचं ऐका.

आता पूर्ण आराम. हेलसिंकीत तिथल्या महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. नुकतीच कंबर धरलेल्या काहींना दोन दिवस झोपवलं, काहींना व्यायाम दिले, काहींना जमेल तशी रोजची कामं करू दिली. सगळ्यांत लवकर सुधारले ते कामंवाले. व्यायामवालेही त्यांच्या मागं राहिले. हे माझ्या धंद्याच्या विरोधात जातं, पण आहे ते असं आहे. कंबर कालपरवाच धरली असेल तर पोतं उचलू नका, पण बाजेवरही पडून राहू नका.

व्यायामात थोडं दुखणारच. दहापैकी तीन-चार इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं तर चालतं. त्याहून जास्त दुखलं तर सहन करत बसू नका, आम्हाला सांगा. व्यायाम कमी करणं हेही आमचंच काम.

वंगणाचं खूळ मात्र सगळ्यांत जास्त नुकसान करतं. गुडघा म्हणजे मोटारीचं बेअरिंग नव्हे. आतल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात. तिला पोसतो सांध्यातला द्रव. गुडघ्यावर भार पडला-सुटला की तो कूर्चेत आतबाहेर होतो. गुडघा हललाच नाही तर तिचं पोषणच अडतं. औशाकडचे एक बप्पा याच भीतीनं वर्षभर ओट्यावर बसून होते. मी मांडी चाचपली तर पार मऊ पडलेली. गुडघ्याआधी मांडीनंच दगा दिला होता. त्यांना पहिला व्यायाम दिला तो खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठायचा. “एवढ्यासाठी लातूरला आलो का?” म्हणाले. तिसऱ्यांदा उठताना घाम फुटला.

‘गॅप’बद्दल, म्हणजे मणक्यांमधली गादी झिजण्याबद्दल: २०१५ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात कंबर अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांपैकी ३७ टक्क्यांच्या, तर ऐंशीच्या वयाच्या ९६ टक्क्यांच्या तपासणीत मणक्याची गादी झिजलेली दिसली. पिकलेल्या केसांसारखंच ते. पण लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर आमच्याकडं न येता त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. कंबरदुखीबरोबर ताप असेल किंवा विनाकारण वजन उतरत असेल तरी आधी डॉक्टरच.

राहिले दहा दिवस. स्नायू भरायला सहा-आठ आठवडे लागतात, आखडलेल्या खांद्याला कैक महिने. पण म्हणून रोज यायची गरज बहुतेकांना नसते. निलंग्याहून, उदगीरहून एसटीनं येणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी विचारावं: घरी कोणते व्यायाम, किती वेळा, पुन्हा कधी दाखवू? पंधरा दिवसांनी या. येताना लेकराकडून तुमच्या व्यायामाचा व्हिडिओ काढून आणा. निम्म्या जणांचं चुकतं ते त्यातच दिसतं.