सगळ्यांना एकाच माळेचे मणी म्हणू नका
लोकांचा मीडियावरचा विश्वास उडालाय हे लेखातलं म्हणणं चॅनलवरच्या रात्रीच्या आरडाओरडीपुरतं शंभर टक्के पटतं, पण तालुक्याच्या बातमीदाराला त्यात कशाला ओढता? कोकणातल्या राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे आठवा, तिथल्या बारसू गावात होऊ घातलेल्या तेल रिफायनरीवर सतत लिहायचे, ६ फेब्रुवारी २०२३ ला पेपरात बातमी आली आणि ज्याच्याबद्दल होती त्याच्याच गाडीने त्याच दिवशी पेट्रोल पंपाजवळ त्यांच्या दुचाकीला उडवलं, दुसऱ्या दिवशी गेले बिचारे. खुनाचं कलमसुद्धा पत्रकारांनी आवाज उठवल्यावर लागलं. आणि पत्रकार संरक्षण कायदा तर विधिमंडळाने २०१७ लाच मंजूर केलेला, तरी हे घडलं! तालुक्याच्या या बातमीदारांना धड पगार नाही, वर जाहिरातींचं टार्गेट, आणि ज्याच्याविरुद्ध लिहायचं तो रोज बाजारात समोर उभा. अशा माणसालाही सरसकट विकाऊ म्हणतात तेव्हा खरंच संताप येतो.