चालू आहे म्हणजे धड आहे असं नाही
लेखात म्हटलंय, जिन्यावरून पडूनही व्हेप (बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट) चालू राहिलं म्हणजे ते दणकट. मला हे अजिबात पटत नाही. इथे लंडनमध्ये माझ्या भावाचं व्हेप सायकलवरून रस्त्यावर आपटलं. बाहेर नुसता ओरखडा. सेल काढून पाहिला, तर धन टोकाशी प्लास्टिकचं वेष्टन नखाएवढं फाटलेलं! १८६५० सेलचं (व्हेपमधल्या गोल लिथियम बॅटरीचं) अख्खं धातूचं कवच ऋण असतं, त्यामुळे तिथे कवच आणि धन टोक दोन्हींना एकदम धातू टेकला की थेट शॉर्ट. वेष्टन एक वेळ नवं चढवता येतं, पण पोचा पडलेला सेल कृपया पुन्हा चार्ज करू नका. धन आणि ऋण भाग वेगळे ठेवणारा आतला पडदा दबला असेल तर आग नंतर, अगदी खिशातही लागू शकते. कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका, जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानात द्या. भावाला दोन दिवस विनवलं, तेव्हा कुठे त्याने दिला.