शिपायाला पदवी सक्तीची केली की ठाणं सुधारेल?

पोलीस ठाण्यातल्या बाचाबाचीचा व्हिडिओ फिरला की पाठोपाठ एक मजकूर हमखास येतो: ‘शिपाई बारावी पास, म्हणून ही अरेरावी. भरतीला पदवी सक्तीची करा, पोलीस मारणार नाहीत, तक्रारी घेतील, तपास नीट करतील.’ शिक्षणावरचा हा विश्वास आम्हालाही आहे. निदान मात्र चुकलं आहे.

‘शिकलेला पोलीस मारत नाही.’
यात तथ्य आहे, पण मर्यादित. अमेरिकेत १९६७ च्या राष्ट्रपती आयोगाने पोलिसांसाठी पदवी हे अंतिम उद्दिष्ट ठरवलं. पुढे २०१० मध्ये रायडबर्ग आणि टेरिल या संशोधकांनी दोन शहरांतली पाहणी मांडली: कॉलेजात शिकलेले पोलीस बळाचा वापर कमी करतात, पण अटक आणि झडती यांच्या बाबतीत शिक्षणाने फरक पडलेला दिसला नाही. तिथल्याच मिनेसोटा राज्यात पोलिसाला निदान दोन वर्षांचं कॉलेज लागतं, असा नियम कित्येक वर्षं होता. जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाच्या खुनात दोषी ठरलेला पोलीस डेरेक शॉविन तिथलाच, आणि पदवीधर.

‘बारावीवाला तक्रार घेत नाही.’
खरी गोम इथे आहे. १५ हजारांचा मोबाइल खिशातून मारला गेला, तर तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली चोरीचा गुन्हा. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर मात्र ‘चोरला’चं ‘गहाळ झाला’ होतं आणि हातात नुसता गहाळचा दाखला पडतो. अंमलदाराला चोरी कळत नाही म्हणून हे होत नाही. गुन्हा नोंदला की आकडा वाढतो, उकल झाली नाही तर क्राइम मीटिंगमध्ये प्रभारी अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. म्हणून ‘गहाळ लिहा’ हे वरून येतं. एमपीएससीतून थेट आलेला फौजदार तर आजही पदवीधरच असतो.

‘पदवीधराचा तपास पक्का असतो.’
बीए-बीकॉमला पंचनामा शिकवत नाहीत. सीसीटीव्हीचं उदाहरण घ्या. डीव्हीआरचं, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ बऱ्याचदा पुढे-मागे असतं. तो फरक मिनिटांसकट पंचनाम्यात लिहिला नाही, तर आरोपीचे वकील तिथेच बोट ठेवतात. फुटेजची प्रत काढताना हॅश व्हॅल्यू (फाइलचा डिजिटल ठसा) नोंदवायची, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र भाग अ आणि भाग ब असं दोन्ही घ्यायचं. उशीर केला तर डीव्हीआर जुन्या चित्रणावर नवं चढवतो, मग काहीच उरत नाही. हे हाताने पुन्हा पुन्हा केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही, शिकणारा बारावी असो की एमए.

‘निदान चाळणी तरी बारीक होईल.’
शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची, लेखी १०० गुणांची: अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण. रडत आलेल्या बाईचं म्हणणं उमेदवार कसं ऐकून घेतो, हे यात कुठेच तपासलं जात नाही. पदवीची अट घातली तरी चाळणी हीच राहील. फक्त बारावीनंतर कॉलेज परवडलं नाही अशी गावाकडची पोरंपोरी दाराबाहेर राहतील.

ठाण्यातली ही रीत बदलेपर्यंत तक्रारदाराने एवढं करावं: तोंडी सांगितलेली तक्रार लिहून घेणं, वाचून दाखवणं आणि तिची प्रत फुकट देणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार बंधनकारक आहे. ‘चोरी’ हाच शब्द लिहिलाय ना, हे पाहूनच सही करावी. नकार मिळाला तर कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवावी, पोचपावती जपावी. तरीही काही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.