वॉचमनचं काम काय?

आज सकाळी लिफ्टशेजारच्या बोर्डावर नोटीस लागली. नाव नाही, फ्लॅट नंबर नाही, पण अख्ख्या बिल्डिंगला कळावं अशी. 'संबंधित सभासदांनी आपल्या घरातील मानसिक रुग्णांना घरातच ठेवावे. वॉचमनने ड्युटीवर असताना रहिवाशांशी गप्पा मारू नयेत.' खाली सेक्रेटरींची सही आणि सोसायटीचा गोल शिक्का. पाण्याच्या टाकीच्या तक्रारीला चार महिने उत्तर नाही, पण शिक्का मारायला बरे विसरले नाहीत.

तर संबंधित सभासद म्हणजे मी. आणि मानसिक रुग्ण म्हणजे माझे वडील.

अप्पा एसटीत कंडक्टर होते, कल्याण डेपोला. त्यांना डिमेन्शिया आहे, म्हणजे आठवण आणि भान हळूहळू जाण्याचा आजार. पहाटे अंधारात उठतात, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावतात, माझी जुनी पर्स खांद्याला अडकवतात आणि खाली उतरतात. ड्युटी असते ना! कल्याण-नगर. मला कधी ओळखतात, कधी 'बाई, पुढे सरका' म्हणतात. पण मुरबाड, सरळगाव, टोकावडे, माळशेज, ओतूर, आळेफाटा हे सगळं एका दमात येतं, एक स्टॉप चुकत नाही.

आमचा रात्रपाळीचा वॉचमन नांदेडकडचा पोरगा आहे. पहिल्यांदा अप्पा गेटवर आले तेव्हा तो ना ओरडला, ना त्यांचा दंड धरला. म्हणाला, "मास्तर, गाडी डेपोतच आहे अजून. ड्रायव्हर चहाला गेलाय. बसा जरा." कंडक्टरला मास्तर म्हणतात हे त्याला माहीत होतं. अप्पा त्याच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, त्याच्याकडून कालच्या पार्सलांच्या पावत्या मागून घेतल्या, एकेक उभी दुमडून बोटांच्या फटीत खोचली. एसटीत नोटा धरतात तशा. थोड्या वेळाने पोरगा म्हणाला, "मास्तर, कंट्रोलरचा निरोप आलाय, आजची फेरी रद्द." अप्पा डेपोला दोन शिव्या हासडून वर आले, चहा प्यायले आणि झोपले. तेव्हापासून हे असंच चालू आहे.

हा मुलगा कुठे शिकला हे? कुठेच नाही. आणि आता त्यालाच तंबी.

जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला बेनराथ नावाच्या भागात एक वृद्धाश्रम आहे. तिथली डिमेन्शियाची माणसं घरी जायचं म्हणून बाहेर पडायची आणि हरवायची. मग त्यांनी दारासमोर एक बसस्टॉप उभा केला. खांब, पाटी, बाकडं, सगळं खरं, फक्त बस कधीच येत नाही. म्हातारी माणसं तिथे येऊन बसतात, जीव शांत होतो, कुणीतरी शेजारी बसून गप्पा मारतं आणि 'बसला उशीर आहे, तोवर कॉफी घेऊ' म्हणून आत नेतं. याचं जगभर कौतुक झालं. आमच्या गेटवर एक बारावी नापास पोरगा फुकटात तेच करतो, तर त्याला नोटीस!

हो, हे खोटं बोलणंच आहे, त्यावर तिकडेही वाद झाले, मान्य. पण खरं काय सांगू त्यांना? तुम्ही निवृत्त झालात, तुमचा ड्रायव्हर दोस्त वारला, आई वारली? रोज पहाटे नव्याने सांगू? रोज नव्याने रडवू?

'घरातच ठेवावे' म्हणे. ठेवलं होतं ना. मागे गावी लग्नाला जावं लागलं तेव्हा नातेवाइकांनी बाहेरून कडी लावली. अप्पा दोन्ही तळव्यांनी दार बडवत राहिले, 'गाडी सुटेल, प्याशिंजर खोळंबलेत' म्हणून. हात सुजले होते. कडी लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, सगळ्यांचाच असतो.

मला माहितीये, इथे लगेच कुणीतरी हॉलंडच्या त्या खास डिमेन्शियाच्या माणसांसाठी वसवलेल्या गावाची लिंक टाकणार. टाकू नका, मला पाठ आहे. ॲमस्टरडॅमजवळ वेस्प, तिथलं होगेवेक, २००९ साली उभं राहिलं. एकेका घरात सहा-सात जण, स्वतःचं सुपरमार्केट, हॉटेल, नाट्यगृह, आणि दुकानातला माणूससुद्धा प्रशिक्षण घेतलेला. सुंदर आहे. पण तिथला बहुतेक खर्च सरकारी विम्यातून होतो, आणि त्या गावालाही शेवटी एक बंद फाटक आहेच. मला असलं गाव नको. मला माझ्या बापाला याच डोंबिवलीत, याच गेटपर्यंत मोकळं जाऊ द्यायचंय.

मला जपानचं ओमुता जास्त पटतं. फुकुओकाकडचं कोळशाच्या खाणींचं जुनं शहर. खाणी बंद, तरुण बाहेर, म्हातारे मागे. आपल्या कोकणातल्या वाड्यांसारखंच. तिथे २००४ पासून अख्खं शहर तालीम करतं. एक जण हरवलेल्या माणसासारखा रस्त्यावर फिरतो आणि दुकानदारांनी, शाळेतल्या पोरांनी त्याला ओळखून घाई न करता, न घाबरवता बोलायचं. आपण आगीचं मॉक ड्रिल करतो ना (वर्षातून एकदा, फोटोपुरतं), तसं हे. आणि २००५ पासून त्या देशात डिमेन्शिया समजून घ्यायचा दीड तासाचा एक वर्ग घेतात, बँकेतले कारकून, दुकानदार, शाळकरी पोरं कुणीही बसावं. कोटीच्या वर लोकांनी केलाय. दीड तास! आपल्या सोसायटीची मीटिंग पार्किंगवर तीन तास चालते.

आणि जपान लांब वाटत असेल तर गोव्याला या. तिथे डिमेन्शियाचं माणूस घरात असलेल्या ८१ कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला, २००८ साली छापूनही आला. डॉक्टर घरोघर पाठवणं परवडत नाही म्हणून तिथल्याच, स्थानिक भाषा बोलणाऱ्या साध्या माणसांना थोडं शिकवून घरी पाठवलं. त्यांनी घरच्यांना आजार समजावला, चिडचिड कशी हाताळायची ते सांगितलं, मुख्य म्हणजे ऐकून घेतलं. घरच्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. हे आपल्या शेजारी झालंय हो, पंधराच्या वर वर्षं होऊन गेली, आणि आमच्या डॉक्टरांनी मला फक्त गोळ्यांची चिठ्ठी दिली. गोळ्यांनी थोडा फरक पडतो, नाही म्हणत नाही. पण पहाटेची ड्युटी गोळीने रद्द होत नाही, कंट्रोलरच्या निरोपाने होते.

भारतात साठीच्या वरच्या ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे असा अंदाज आहे. आमच्या तीन विंगमध्ये फक्त अप्पाच असतील का? शक्यच नाही. बाकीचे कडीच्या आत आहेत, एवढंच. त्या घरातल्या बायका (बहुतेक बायकाच) हे वाचत असतील तर मला मेसेज करा. कुणाला सांगणार नाही.

आणि बाकीच्यांना एक विनंती. विनंती कसली, हुकूमच समजा. भेटल्या भेटल्या 'अप्पा, ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?' हे बंद करा. ही काय तोंडी परीक्षा आहे? दादा, तूसुद्धा. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तेच विचारतोस, आणि त्यांना उत्तर आलं नाही की तुझा चेहरा पडतो. चेहरा पडलेला त्यांना बरोबर कळतो. मग त्यांची अस्वस्थता दिवसभर माझ्या पदरात. त्याऐवजी विचार ना, माळशेजला धुकं होतं का? अर्धा तास बोलतील.

(आत्ता जरा पाणी पिऊन आले. सेक्रेटरी काका वाईट नाहीत. कोविडमध्ये आम्हाला भाजी त्यांनीच आणून दिली होती. त्यांचं म्हणणं असं की वॉचमनचं लक्ष नसताना कुणी आत शिरलं तर जबाबदार कोण. बरोबर आहे, तेही बघावं लागेल.)

पण 'मानसिक रुग्ण' हे शब्द उद्या दुपारच्या आत बोर्डावरून उतरले पाहिजेत. नाही उतरले तर मी उतरवीन, शिक्क्यासकट.

रविवारी सर्वसाधारण सभा आहे. तीन विषय मांडणार आहे. वॉचमनची तंबी मागे घ्या. दोन्ही वॉचमन, इस्त्रीवाला, वाण्याकडचा पोरगा आणि ज्यांना यावंसं वाटेल त्यांच्यासाठी एक तासाची माहिती ठेवू, बोलायला कुणी जाणकार मी आणते. आणि गेटच्या आत, गुलमोहराखाली एक बाकडं बसवू द्या. बाकड्याचे पैसे मी देते, मेंटेनन्समध्ये धरू नका. विरोध असेल त्यांनी सभेला येऊन तोंडावर बोलावं, ग्रुपवर अंगठे दाखवू नयेत.