पुन्हा तेच: ‘तुमचे पॅकेज जुने आहे’

सांगलीत विश्रामबागेतील आमच्या छपाईच्या दुकानात संगणकावर डेबियन १२ ही लिनक्स कार्यप्रणाली चालते, आणि त्यातील गिम्प २.१० हे चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर पाहून येणारा प्रत्येक जाणकार ‘अहो, ३.० मार्च २०२५ मध्येच आले, आर्च लिनक्स टाका’ असे सुनावून जातो. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते, तत्पूर्वी पॅकेजे, म्हणजे तिच्यात येणारी सॉफ्टवेअरे, ठरावीक आवृत्तीवर गोठवली जातात आणि पुढे सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच जुन्या आवृत्तीत बसवल्या जातात. त्यामुळे आकडा जुना दिसला तरी भोके बुजवलेली असू शकतात, हे ऐकून घ्यायला कोणालाच सवड नसते. आर्चवर नवे लवकर मिळते, मान्य. परंतु ऐन लग्नसराईत, पत्रिकांचा ढीग पडलेला असताना, अपडेटनंतर प्रिंटर रुसला की हेच जाणकार फोनही उचलत नाहीत. आणि केवळ गिम्पच नवे हवे असेल, तर प्रणालीपासून वेगळे सॉफ्टवेअर बसवण्याची फ्लॅटपॅक ही सोय आहे की!